ड्रॉइंग येईना, म्हणून त्याने उन्हालाच कामाला लावलं!

मायक्रोफ्लुइडिक्सचा प्रोजेक्ट करणारा एखादा मित्र असेल तर त्याला विचारा, सगळ्यात महाग काय पडतं? बहुतेक ‘मास्क’ म्हणेल. मास्क म्हणजे क्रोमचा नक्षीकाम असलेली काच. प्रकाश हवा तिथेच पडतो, बाकी अडतो. बजेट नसेल तर हीच नक्षी प्लास्टिकच्या फिल्मवर छापून घेतात. ३६०० डीपीआयला एक ठिपका साधारण ७ मायक्रॉनचा, त्यामुळे २०-२५ मायक्रॉनच्या रेषा आरामात निघतात. भारी जुगाड ना? पण हा जुगाड २०० वर्षं जुना आहे!

तो करणारा माणूस म्हणजे निसेफोर निएप्स. जन्म १७६५चा, फ्रान्समधल्या शालों गावचा. तुम्ही त्याला पहिला फोटो काढणारा म्हणून ओळखत असाल. त्या काळात दगडावरून चित्रं छापायच्या लिथोग्राफीची क्रेझ होती. निएप्सलाही ती लागली, पण याची चित्रकला यथातथाच! मग त्याने डोकं लावलं. जस्त-कथलासारख्या धातूच्या पत्र्यावर बिट्युमेनचा, म्हणजे एका प्रकारच्या डांबराचा, पातळ थर दिला. एक छापील चित्र घेतलं, कागद पारदर्शक व्हावा म्हणून त्याला तेलकट केलं, पत्र्यावर ठेवलं आणि सगळं उन्हात! ऊन लागलेलं डांबर कडक झालं, काळ्या रेषांखालचं मऊच राहिलं. ते लॅव्हेंडरच्या तेलाने धुतलं, उघड्या धातूवर ॲसिड टाकलं, की रेषा कोरल्या गेल्या. १८२६मध्ये त्याने एका कार्डिनलचं चित्र असंच कोरलं. तो तेलकट कागद म्हणजेच त्याचा फिल्म मास्क.

पुढची गोष्ट मात्र चटका लावते. भाऊ क्लोद इंजिनाच्या नादात घरचा पैसा घालवून बसला. १८२७मध्ये निएप्स लंडनच्या रॉयल सोसायटीकडे गेला, पण पूर्ण पद्धत सांगायला तयार नव्हता, म्हणून त्याचं काम तिथे स्वीकारलंच नाही. १८२९मध्ये त्याने दागेरशी भागीदारी केली आणि १८३३मध्ये तो गेला. सहा वर्षांनी फोटोग्राफी जगासमोर आली, ती ‘दागेरोटाइप’ या नावाने!

तेव्हा पुढच्या वेळी फिल्म मास्क उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली ठेवाल, तेव्हा निएप्सला आठवा. आणि हो, जमलेली पद्धत वहीत लपवून ठेवू नका, सांगून टाका!