कॉनरॅड हिल्टन : चाळीस खोल्यांपासून जगभर

धीरूभाई अंबानी, जे. आर. डी. टाटा यांच्यावरची पुस्तके आपल्या हॉस्टेलवर या खोलीतून त्या खोलीत फिरत असतात. हिल्टन हे नावही बहुतेकांनी ऐकलेले असते, पण हॉटेलचे म्हणून. ज्याचे हे आडनाव, त्याच्याच कंपनीला पुढे ते अमेरिकेबाहेर वापरायची बंदी झाली, हे वाचले तेव्हा मला हा माणूस नीट समजून घ्यावासा वाटला. म्हणून हा लेख.

कॉनरॅडचा जन्म २५ डिसेंबर १८८७ चा. गाव सॅन अँटोनियो, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको भागातले. वडील नॉर्वेहून आलेले, त्यांचे मोठे दुकान होते. १९०७ च्या मंदीत दुकान डबघाईला आले, तेव्हा घरच्यांनी घरातल्याच खोल्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. कॉनरॅड रात्री-अपरात्री स्टेशनवर जायचा आणि गिऱ्हाइकांच्या बॅगा उचलून आणायचा. त्याचे हॉटेल मॅनेजमेंटचे शिक्षण म्हणायचे तर एवढेच!

पहिल्या महायुद्धात तो फ्रान्सला होता. १९१९ मध्ये वडील अपघातात गेले आणि तो नशीब काढायला टेक्सासमधल्या सिस्को गावी गेला. घ्यायची होती बँक. सौदा ७५ हजार डॉलरला ठरत आला होता, पण मालकाने ऐन वेळी किंमत ८० हजार केली. वैतागून तो झोपायला मॉब्ले नावाच्या हॉटेलात गेला, तर तिथे जागाच नाही. जवळपास तेल सापडल्यामुळे कामगारांची झुंबड उडालेली. खाटा आठ-आठ तासांच्या पाळीने भाड्याने जात होत्या. तरी मालकाला तेलात पैसा घालायचा म्हणून हॉटेल विकायचे होते! ४० खोल्यांचे ते हॉटेल हिल्टनने ४० हजार डॉलरला घेतले. (सबमिशनच्या दिवसांत आपल्याकडेही एका खाटेवर दोघे झोपतात, पण भाडे घ्यायचे अजून कुणाला सुचलेले नाही.)

आता इंजिनिअर लोकांच्या आवडीचा भाग. हिल्टनच्या डोक्यात एकच हिशोब होता. प्रत्येक चौरस फूट जागेने पैसे मिळवले पाहिजेत. मॉब्लेमध्ये त्याने जेवणाची खोली बंद करून तिथे खाटा टाकल्या आणि लांबलचक काउंटर अर्धा कापून तिथे छोटे दुकान काढले. १९२५ मध्ये त्याने डॅलसला स्वतःच्या नावाचे पहिले हॉटेल बांधले. जमीन विकत घेतली नाही, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. टेक्सासचे ऊन भयंकर, म्हणून लिफ्ट वगैरे सगळे पश्चिमेच्या बाजूला ठेवले, म्हणजे पाहुण्याच्या खोलीवर दुपारचे ऊन नको. एसी नसतानाच्या काळातले हे डिझाइन आहे.

मग १९२९ ची महामंदी आली. खोल्या रिकाम्या, डोक्यावर कर्ज. कर्ज देणाऱ्यांनी हॉटेले ताब्यात घेतली आणि तीच हॉटेले पगारावर चालवायची पाळी त्याच्यावर आली. असे सांगतात की या दिवसांत एका बेलबॉयने आपली साठवलेली ३०० डॉलरची पुंजी त्याच्या हातात ठेवली. मला वाटते, त्याच्या पूर्ण गोष्टीतली सगळ्यात मोठी गुंतवणूक हीच. याच काळात त्याने न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलचा फोटो कापून जवळ ठेवला, आणि पुढे टेबल आल्यावर त्याच्या काचेखाली. १९४९ मध्ये ते हॉटेल त्याच्या ताब्यात आले!

मधली चढण भराभर झाली. १९४५ मध्ये शिकागोचे तीन हजार खोल्यांचे स्टीव्हन्स, १९४६ मध्ये हिल्टन हॉटेल्स कॉर्पोरेशन, १९४७ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारात नोंदणी, १९५४ मध्ये स्टॅटलर ही पूर्ण साखळी ११ कोटी १० लाख डॉलरला.

पण खरी नवी आयडिया पोर्टो रिको बेटावर सुरू झाली. तिथल्या सरकारला टुरिस्ट आणायचे होते, म्हणून त्यांनी अमेरिकेतल्या हॉटेलवाल्यांना पत्रे पाठवली. हिल्टनने उत्तर दिले स्पॅनिशमध्ये, कारण लहानपणी शेजारीपाजारी ऐकून ती भाषा त्याला येत होती. काम त्यालाच मिळाले. (आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांनी हे जरा लक्षात ठेवावे!) १९४९ मध्ये कॅरिबे हिल्टन उघडले. बांधले सरकारने, चालवले हिल्टनने. नफ्यातले दोन भाग सरकारला, एक भाग हिल्टनला. म्हणजे इमारत एकाची आणि नाव व कारभार दुसऱ्याचा. याच धर्तीवर माद्रिद, इस्तंबूल अशी हॉटेले उभी राहिली. परदेशातल्या या कामासाठी हिल्टन इंटरनॅशनल ही कंपनी होती.

आणि तीच हातची गेली. १९६४ मध्ये हिल्टन इंटरनॅशनल वेगळी काढण्यात आली. अट अशी की अमेरिकेत हिल्टन नाव एका कंपनीने वापरायचे, बाहेर दुसरीने. १९६७ मध्ये कॉनरॅडचा मुलगा बॅरन कारभार बघत असताना टीडब्ल्यूए या विमान कंपनीने ती विकत घेतली. बदल्यात शेअर मिळाले आणि नंतर त्यांचा भाव घसरला. कॉनरॅडने जग फिरून जमवलेली हॉटेले कागदावरच्या एका सौद्यात गेली. १९८७ मध्ये ती लॅडब्रोक या ब्रिटिश सट्टा कंपनीकडे पोचली.

मग अमेरिकन हिल्टनने बाहेर हॉटेल काढायचे तर कोणत्या नावाने? उत्तर म्हणजे कॉनरॅड. आडनाव चालत नाही तर संस्थापकाचे पहिले नाव घ्या! पुण्याला २०१६ मध्ये सुरू झालेले कॉनरॅड हॉटेल याच ब्रँडचे. २००६ मध्ये दोन्ही हिल्टन पुन्हा एक झाल्या, २००७ मध्ये ब्लॅकस्टोनने कंपनी घेतली आणि २०१७ मध्ये इमारतींचा बराचसा भाग पार्क हॉटेल्स नावाने वेगळा काढला. म्हणजे पोर्टो रिकोचे सूत्र शेवटी पूर्ण कंपनीलाच लागू झाले.

हे सगळे बघायला कॉनरॅड नव्हता. ३ जानेवारी १९७९ ला तो गेला. बहुतेक संपत्ती त्याने आपल्या फाउंडेशनला दिली होती. मुलाने त्यावर कोर्टात दावा लावला आणि १९८८ मध्ये तडजोड झाली. याच फाउंडेशनचा मानवसेवेचा पुरस्कार २०१० मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाला मिळाला.

मित्रांनो, प्लेसमेंटला आपण कंपनीचे नाव बघतो. नाव कुणाचे, इमारत कुणाची आणि मालक कोण, ही तीन वेगळी उत्तरे असू शकतात, हे मी हिल्टनकडून शिकलो. ती तिन्ही बदलत राहिली. त्या बेलबॉयने मात्र ३०० डॉलर देताना यातले काहीच पाहिले नव्हते, फक्त माणूस पाहिला होता.