धुळीचा पडदा ओळखणारे ज्योतिर्विद

स्वित्झर्लंडमधील झुरिक या नगरात २ ऑक्टोबर १८८६ रोजी रॉबर्ट ट्रंप्लर यांचा जन्म झाला. झुरिक व गॉटिंगेन येथील विद्यापीठांत अध्ययन करून १९१० मध्ये त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. त्यानंतर काही वर्षे ते स्वदेशाच्या भूमापनाच्या कार्यात होते. काटेकोर मोजणीची जी सवय तेथे त्यांच्या अंगी बाणली, ती जन्मभर टिकली. १९१५ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि १९१९ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंट हॅमिल्टनवरच्या लिक वेधशाळेत दाखल झाले.

१९२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील वॉलाल येथे खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण किंचित वळतात, हे आइन्स्टाइन यांचे भाकीत तेथे पारखावयाचे होते. त्या मोहिमेत ट्रंप्लर होते. त्यांनी व वेधशाळेचे प्रमुख कॅम्बेल यांनी छायाचित्रांची कसून मोजणी केली, आणि भाकीत खरे ठरले.

मात्र त्यांचे सर्वांत मोठे कार्य तारकागुच्छांविषयीचे होय. कृत्तिका हा असाच एक गुच्छ. ट्रंप्लर यांनी अशा शंभर गुच्छांची अंतरे काढली. तारा मुळात किती तेजस्वी आहे आणि आपल्याला किती मंद दिसतो, यांची तुलना केली म्हणजे त्याचे अंतर कळते. अंतर कळले की गुच्छाचा खरा विस्तारही काढता येतो. परंतु हिशेब मांडला तेव्हा एक नवलच दिसून आले. गुच्छ जितका दूर, तितका तो आकाराने मोठा भरू लागला!

पृथ्वीपासून दूर जावे तसतसे गुच्छ वाढत जावेत, याला काहीच कारण नव्हते. मग चूक कोठे होती? अंतराळ अगदी स्वच्छ आहे, असे त्या काळी बहुतेक ज्योतिर्विद मानीत. ट्रंप्लर यांनी आपली मोजमापे सोडली नाहीत. त्यांनी ती समजूतच तपासून पाहिली. वाटेत धूळ असेल तर तारे अधिक मंद दिसणार, म्हणून ते असतात त्याहून दूर वाटणार आणि गुच्छही मोठे भासणार. १९३० मध्ये त्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. आकाशगंगेच्या प्रतलात सुमारे सव्वातीन हजार प्रकाशवर्षांच्या प्रवासात जवळजवळ निम्मा प्रकाश हरवतो, असे त्यांना आढळले. आकाशगंगेची जुनी मापे त्यामुळे पुन्हा तपासावी लागली.

दूरचे तारे केवळ मंदच नव्हे, तर अधिक तांबूसही दिसत होते. मावळता सूर्य तांबडा दिसतो, तसाच काहीसा हा प्रकार. धुळीचे कण वाळूएवढे असते, तर त्यांनी सर्व रंग सारखेच अडवले असते. ते रेणूंएवढे सूक्ष्म असते, तर निळा रंग तांबड्याहून कितीतरी पटींनी अधिक अडला असता. प्रत्यक्षात निळा अधिक अडतो, पण इतका नाही. यावरून पुढील संशोधकांनी अनुमान केले, की अनेक कणांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाच्या जवळपास असावा. ज्या धुळीचा एकही कण हाती आला नव्हता, तिचे माप असे केवळ प्रकाशावरून मिळाले.

ट्रंप्लर यांनी पुढे बर्कले येथील विद्यापीठात अध्यापन केले. १० सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. हिशेब विचित्र आला म्हणून त्यांनी तो टाकून दिला असता, तर तो पडदा त्यांच्या दृष्टीस पडलाच नसता.