क्नूट रॉकनी : पदभार स्वीकारणारा सहायक

अमेरिकेतील इंडियाना राज्यात साऊथ बेंड येथे पवित्र क्रूस संघाच्या धर्मगुरूंनी १८४२ साली नोत्र दाम विद्यापीठाची स्थापना केली. या कॅथोलिक विद्यापीठाचे नाव देशभर दुमदुमविणारे क्नूट रॉकनी मात्र ना धर्मगुरू होते, ना जन्माने कॅथोलिक. ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेतील वॉस येथे एका लुथरन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पाच वर्षांचे असताना ते शिकागोला आले. पुढे टपाल खात्यात नोकरी करून, पैसे साठवून ते नोत्र दाममध्ये दाखल झाले, तेव्हा त्यांचे वय बावीस होते. आपल्याकडे या वयात मुले पदवी घेऊन बाहेर पडलेली असतात!

वाचकांसाठी एक खुलासा करतो. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपली मुले खेळतात तो फुटबॉल नव्हे. त्यातील चेंडू लंबगोल असतो व तो हातात घेऊन पळता येते, पुढे फेकताही येतो. रॉकनी व त्यांचा मित्र गस डोराइस यांनी १९१३ च्या उन्हाळ्यात सरोवराच्या वाळूत या फेकीचा कसून सराव केला आणि १ नोव्हेंबर रोजी वेस्ट पॉइंटच्या बलाढ्य लष्करी संघाला ३५-१३ असे हरविले.

१९१४ साली औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन रॉकनी तेथेच राहिले. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत फादर ज्युलियस न्यूलँड यांच्या हाताखाली आणि मैदानावर प्रशिक्षक जेसी हार्पर यांच्या हाताखाली, असे त्यांचे दुहेरी काम होते. हार्पर यांनी पाच हंगामांत केवळ पाच सामने गमावले होते. असा यशस्वी माणूस १९१८ साली गुरेपालनासाठी कॅन्ससला निघून गेला. पण जाताना आपली जागा आपल्या सहायकालाच मिळावी यासाठी त्याने शब्द टाकला. अधिकारपद सोडताना मागच्याची वाट मोकळी करणारे किती असतात, हे आम्ही वाचकांवर सोपवितो.

नव्या प्रशिक्षकाच्या वाट्याला आलेला हंगाम मात्र विलक्षण कठीण होता. महायुद्ध चालू असल्याने जुने खेळाडू सैन्यात गेलेले. त्यात इन्फ्लुएंझाची साथ आली. २८ सप्टेंबरला पहिला सामना झाला आणि त्यानंतर थेट २ नोव्हेंबरपर्यंत मैदान ओस पडले. हंगामात जेमतेम सहा सामने झाले : तीन विजय, दोन बरोबरी, एक पराभव. कागदावर हे यश सामान्यच. तरीही आमच्या मते रॉकनी यांची खरी कसोटी याच वर्षी लागली. कारण जॉर्ज गिप, हंक अँडरसन यांसारखी जी मुले त्या अपुऱ्या हंगामात घडली, त्यांच्याच बळावर १९१९ व १९२० या दोन्ही वर्षी संघ अपराजित राहिला. गिप १४ डिसेंबर १९२० रोजी घशाच्या संसर्गाने व न्यूमोनियाने दगावला. तो अवघा पंचवीस वर्षांचा होता.

पुढची कीर्ती सर्वश्रुत आहे : तेरा हंगामांत १०५ विजय, १२ पराभव, ५ बरोबरी. त्या काळी इंडियानात कू क्लक्स क्लान या कॅथोलिकविरोधी संघटनेचा मोठा जोर होता. स्थलांतरित, कष्टकरी कॅथोलिकांना या संघाचा एवढा अभिमान का वाटे, हे त्यावरून समजते. २० नोव्हेंबर १९२५ रोजी, विद्यापीठाच्या आवारातील लाकडी ओंडक्यांच्या छोट्या चॅपेलमध्ये स्वतः रॉकनी यांनी स्नानसंस्कार घेतला.

३१ मार्च १९३१, पवित्र सप्ताहातील मंगळवार. लॉस एंजलिसकडे जाणाऱ्या विमानाचा लाकडी पंख तुटला आणि कॅन्ससमधील बझार गावाजवळ आठही जण मृत्युमुखी पडले. त्यांत ४३ वर्षांचे रॉकनी होते. मृतदेहाची ओळख पटविण्यासाठी कोणाला बोलाविले असेल? त्याच कॅन्ससमध्ये राहणाऱ्या जेसी हार्पर यांना. पवित्र शनिवारी विद्यापीठाच्या पवित्र हृदय चर्चमध्ये अंत्यविधी झाला.

त्यानंतर हार्पर क्रीडा-संचालक म्हणून नोत्र दामला परतले. संघाची धुरा १९१८ च्या त्या मुलांपैकी एकाकडे, हंक अँडरसन यांच्याकडे आली. त्यांच्या पहिल्या हंगामात संघाने सहा सामने जिंकले, दोन गमावले व एक बरोबरीत सोडविला.