चंद्रोदयाचा हिशेब मांडणारे नाना

मैत्रिणींनो, संकष्टीला दिवसभराचा उपास झाला की रात्री आपलं सगळं लक्ष चंद्रोदयाच्या वेळेकडे. आपल्या सोलापुरातूनच निघणारं दाते पंचांग उघडायचं, वेळ बघायची आणि गच्चीवर जायचं. चंद्र अगदी दिल्या वेळेला वर येतो. आपल्याला त्याचं नवल वाटत नाही. पण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी असं नव्हतं. पंचांगात ग्रहण लिहिलेलं एका वेळी अन् आकाशात दिसायचं भलत्याच वेळी!

कारण सोपं होतं. महाराष्ट्रातली पंचांगं गणेश दैवज्ञांच्या १५२० सालच्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथावरून करत. ग्रंथ मोठ्या तोलाचा, पण घड्याळ रोज थोडंसं मागे पडावं तशी साडेतीनशे वर्षांत चूक साचत गेली होती.

ती दुरुस्त करायचं मनावर घेतलं केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना यांनी. अलिबागजवळच्या नागावात १८२५ साली त्यांचा जन्म झाला. आई-वडील लहानपणीच गेले. चुलत्यांनी मुंबईत शिकवलं. कोवळ्या वयातच ते कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीला लागले. वारा, पाऊस, चुंबकाची सुई, सगळ्याची वेळच्या वेळी नोंद ठेवायची. डोळ्यांनी पाहायचं, मगच लिहायचं, ही सवय तिथंच जडली असणार.

पुढे ते पुण्यात प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक हे त्यांचे विद्यार्थी. नानांनी शाळेच्या मुलांसाठी मराठीत अंकगणिताचं आणि पदार्थविज्ञानाचं पुस्तक लिहिलं. १८६० साली त्यांचं ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध झालं. त्या काळी आपल्याकडे कुठला आलाय संगणक! युरोपातल्या नव्या गणिताच्या आधारानं त्यांनी आकड्यांचे तक्तेच्या तक्ते तयार केले. ते समोर ठेवून बेरीज-वजाबाकी केली की ग्रह कुठं आहे ते कळावं. ही कोष्टकं हाच तेव्हाचा संगणक.

१८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या मदतीनं या गणिताचं पंचांग निघू लागलं, तेच पटवर्धनी पंचांग. पण खरी अडचण पुढेच होती. राशीचक्र कुठल्या ताऱ्यापासून मोजायचं, हे नानांनी वेगळं ठरवलं होतं. त्यामुळे संक्रांत चारेक दिवस आधी यायची, कधी अधिक महिना बदलायचा आणि सणच महिनाभर पुढे-मागे व्हायचे. शेजारणीकडे दिवाळी अन् आपल्याकडे नाही, हे कोणत्या घराला चालेल? बहुतेकांनी जुनं पंचांग सोडलं नाही.

१८८४ साली नाना गेले. काम मात्र थांबलं नाही. टिळकांनी ते हाती घेतलं, १९०४ साली मुंबईत पंचांग परिषद भरली, वाद झडले. व्यंकटेश बापूजी केतकरांनी आणखी बारीक गणित मांडलं. आज घरोघरच्या पंचांगात आरंभस्थान नानांचं नाही, पण गणित आकाशाशी पडताळून घ्यायचं हा त्यांचा आग्रह मात्र राहिला.

आमच्या बचत गटाच्या वहीत एकदा बेरीज चुकली होती. चूक सापडायला दहा मिनिटं लागली, ती सगळ्यांच्या गळी उतरवायला तीन बैठका! तेव्हा मला नाना आठवले. हिशेब बरोबर असणं हे अर्धंच काम. माणसं दुखावू न देता त्यांना बरोबर नेणं हे उरलेलं अर्धं, आणि त्याला कधी कधी एक आयुष्यही पुरत नाही.

पुढच्या संकष्टीला चंद्राला ओवाळताना नानांचीही आठवण ठेवा.