कर्करोग संशोधनाचे अध्वर्यू : डॉ. वसंत खानोलकर

रुग्णालयाने उपचार करावेत, महाविद्यालयाने शिकवावे आणि प्रयोगशाळेने संशोधन करावे, अशी विभागणी वैद्यकात दीर्घकाळ रूढ होती. या तिन्ही क्षेत्रांना जोडल्याखेरीज कर्करोगाचे मूळ हाती लागणार नाही, हे ओळखणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. वसंत रामजी खानोलकर. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला जातो.

१८९५ मध्ये गोमंतकीय कुटुंबात जन्मलेल्या खानोलकरांनी १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. पदवी संपादन केली. मायदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. १९४१ मध्ये परळलाच टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

निदानासाठी येणारे ऊतींचे नमुने त्यांनी केवळ अहवालापुरते पाहिले नाहीत. रुग्णाचा प्रांत, पेहराव व व्यसने यांची रोगाशी असलेली सांगड त्यांनी तपासली. तंबाखू-चुन्याची गोळी ओठाआड ठेवणाऱ्यांचा ओठाचा, चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरणाऱ्यांचा टाळूचा आणि धोतराच्या घट्ट गाठीच्या जागी उद्भवणारा त्वचेचा कर्करोग त्यांनी १९४० च्या दशकात नोंदवला. सवयीतून जडणारा रोग टाळता येतो, हा या नोंदींचा मोलाचा अर्थ होता.

१९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते संचालक झाले. तेथे कर्करोगाबरोबरच कुष्ठरोगावरही संशोधन झाले. डॉ. कमल रणदिवे यांच्यासारख्या संशोधक त्यांच्या मार्गदर्शनाखाली घडल्या. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते.

१९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन संस्था टाटा स्मारक केंद्र या नावाने एकत्र आल्या. उपचार, शिक्षण आणि संशोधन यांची जी सांगड खानोलकरांनी आपल्या कामातून घातली होती, तिला संस्थात्मक रूप लाभले. १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले. परळ आणि खारघर येथे चालणाऱ्या केंद्राच्या कार्यात त्यांनी घातलेला पाया आजही भक्कम आहे. मात्र तंबाखूविषयीचा त्यांचा इशारा समाजाने अद्याप पुरता मनावर घेतलेला नाही.