नामदार गोखले : सचोटीची जडणघडण

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. परंतु त्यांचे बालपण गेले ते निपाणीहून कोल्हापूरकडे जाताना वाटेत लागणाऱ्या कागलास. वडील कृष्णराव तेथे नोकरीस होते. १८७९ साली ते निवर्तले, तेव्हा गोपाळ अवघा १३ वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षणावर पाणी सोडून १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांतले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावास धाडू लागले. उरलेल्या ७ रुपयांत घरच्या साऱ्यांचा निर्वाह व्हायचा! आपल्या प्रत्येक आण्यामागे कोणाची तरी उपासमार आहे, ही जाणीव ज्याला कोवळ्या वयात झाली, त्याच्या हातून पुढे सार्वजनिक पैशाची हेळसांड होणे कठीणच होते.

शाळेतील एक आठवण त्यांच्या चरित्रांतून नेहमी सांगितली जाते. घरी सोडवावयास दिलेली गणिते एकट्या गोपाळचीच बरोबर आली. शिक्षकांनी शाबासकी देताच तो रडू लागला. कारण त्याने दुसऱ्याचे साह्य घेतले होते. अशा कथा थोरांच्या मागे पुष्कळदा आपोआप चिकटतात. तथापि १८९७ साली जे घडले, ते पाहता या कथेवर विश्वास ठेवावासा वाटतो.

त्या वर्षी गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. पुण्यात प्लेग थैमान घालीत होता आणि तपासणीच्या निमित्ताने घरांत शिरणाऱ्या गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रे मित्रांकडून त्यांना गेली. त्यांच्या आधारे गोखल्यांनी तेथील वृत्तपत्रांतून जाहीर आरोप केले. तोच जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. सारे वातावरण पालटले, पत्रलेखक पुढे येईनात. पुरावा मिळेना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे उघड करून स्वतःची सुटका करून घेण्याचा मार्ग गोखल्यांनी स्वीकारला नाही. मुंबईस परतल्यावर ऑगस्टमध्ये त्यांनी बिनशर्त क्षमायाचना प्रसिद्ध केली.

केवढी नाचक्की झाली! स्वकीयांनी भित्रा म्हणून हिणवले, सरकारपक्षाने खोटारडा ठरविले. त्या वर्षीच्या अमरावती काँग्रेसमध्येही त्यांना उपेक्षाच सोसावी लागली. तक्रारी सर्वस्वी निराधार नव्हत्या, तेव्हा इतके नमते घेण्याचे कारण नव्हते, असे मानणारे अभ्यासक आजही आहेत. आणि त्यांचे म्हणणे सहज खोडून काढण्याजोगे नाही. पण जे सिद्ध करता येत नाही ते आपल्या नावावर उभे ठेवायचे नाही, हा गोखल्यांचा निकष होता. गुरुवर्य न्यायमूर्ती रानडे यांनी एकेक आकडा पारखून घेण्याची जी शिस्त लावली होती, तिचाही त्यात वाटा होता.

यानंतर त्यांच्या शब्दास जे वजन आले, ते वक्तृत्वाने आलेले नव्हते. १९०२ साली फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त होताना ३० रुपये निवृत्तिवेतन त्यांनी पुरेसे मानले. वरिष्ठ कायदेमंडळात त्यांची अंदाजपत्रकावरील भाषणे सरकारी सभासदही कान देऊन ऐकत. कारण आकडा चुकीचा निघणार नाही याची त्यांना खात्री असे. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापिला. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे विधेयक १९१२ साली ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. ते फेटाळले जाणार हे ठाऊक असूनही त्यांनी ते रेटले होते. १९१४ साली सरकारने देऊ केलेला 'सर' हा किताब त्यांनी नाकारला. तेव्हा मधुमेहाने शरीर पोखरले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८व्या वर्षी, पुण्यात त्यांचे देहावसान झाले.