हिंगणघाटात विसावलेला भूमापक : विल्यम लॅम्बटन

मैलापूर (चेन्नई) : मैलापूरच्या कपालीश्वर मंदिरापासून नैऋत्येकडे काही किलोमीटर गेले की सेंट थॉमस माऊंट ही टेकडी लागते. १० एप्रिल १८०२ रोजी या परिसरात विल्यम लॅम्बटन यांनी शंभर फुटी पोलादी साखळीने जमीन मोजण्यास प्रारंभ केला. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ही सुरुवात होती. साडेसात मैलांच्या आधाररेषेसाठी साखळी सुमारे ४०० वेळा अंथरावी लागली. उन्हाने पोलाद प्रसरण पावते, म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवून तापमापकावर लक्ष ठेवले जाई.

यॉर्कशायरमध्ये जन्मलेले लॅम्बटन पेशाने सैनिक होते. १७९९ च्या श्रीरंगपट्टण मोहिमेत, रात्री चुकीच्या दिशेने शत्रूकडे निघालेली तुकडी त्यांनी ताऱ्यांच्या आधारे ओळखली, असे सांगितले जाते. युद्धानंतर त्यांनी द्वीपकल्पाच्या मोजणीची योजना मांडली. नकाशा हे त्यातील निमित्त. खरी ओढ पृथ्वीचा नेमका आकार जाणण्याची होती. नकाशालाही लाभ झालाच. मद्रास ते मंगळूर हे अंतर समजुतीपेक्षा सुमारे ४० मैलांनी कमी निघाले.

त्यांचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडले होते. मॉरिशसहून तो सन्मानाने परत आला. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर चढवताना मात्र तो भिंतीवर आपटला आणि त्याचे मोजणीचे वर्तुळ वाकले. दुसरे यंत्र मागवायचे तर इंग्लंडहून, म्हणजे कामात प्रदीर्घ खंड. लॅम्बटन यांनी स्वतःला कोंडून घेतले आणि सुमारे सहा आठवडे खपून ते वर्तुळ मूळ आकारात आणले.

ताऱ्यांवरून काढलेले अक्षांश आणि त्रिकोणांवरून आलेले अक्षांश काही ठिकाणी जुळत नसत. गवंड्याच्या हातातला असतो तसाच ओळंबा येथे किंचित ढळत होता. भूगर्भातील घनता सर्वत्र सारखी नसावी, हे त्यांच्या ध्यानी आले होते.

हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्यांची कबर तेथेच आहे. काम त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले.

ओळंब्याचे कोडे कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी १८५५ मध्ये हाती घेतले. हिमालयाच्या वस्तुमानामुळे उत्तरेकडील दोन ठाण्यांमध्ये सुमारे १६ विकलांचा फरक पडायला हवा होता, प्रत्यक्षात ५.२ विकलांचाच आढळला. उंच प्रदेशाखालचे द्रव्य हलके असते, असा निष्कर्ष त्यांनी पुढे काढला. हिमालयाला ही उपपत्ती पुरेशी लागू पडली नाही. तेथे जॉर्ज एअरी यांची पर्वतांना खोल मुळे असण्याची कल्पना सरस ठरली. प्रॅट यांचे म्हणणे पटले ते महासागरात. अरबी समुद्रातील कार्ल्सबर्गसारख्या मध्य-महासागरी पर्वतरांगांखाली मुळे नाहीत. तेथील भूकवच जेमतेम सहा-सात किलोमीटर जाडीचे असून त्याखालील प्रावरण तापून हलके झाले आहे. रांगांच्या अक्षाखालून जाताना भूकंपलहरी मंदावतात, त्यावरून ते कळते.